राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचा प्रमुख पशुवैद्यच हवा की नको?

गोदाकाठ
काल पारावर लंपीचा, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीच्या रोगाचा, विषय पुन्हा निघाला, म्हणून धागा काढतोय. ऑगस्ट 2022 मध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात रोग दिसला आणि सप्टेंबरात सगळं राज्य 'नियंत्रित क्षेत्र' जाहीर होऊन गुरांचे बाजार बंद झाले. आपल्याकडे खात्याची सूत्रं पुण्यात पशुसंवर्धन आयुक्तांकडे असतात आणि त्या खुर्चीत सहसा आयएएस अधिकारी असतो. ब्रिटनमध्ये 1865 च्या बुळकांडी या साथीच्या रोगानं गुरं मेली, त्यातून सरकारी पशुवैद्यक खातं उभं राहिलं. तिथला मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी आजही पशुवैद्यच असतो. साथीत शेवटचा शब्द गुरांच्या डॉक्टरचाच असावा, असं माझं मत.

सिन्नरी गडी
पुण्यात कोण बसतो यानं माझ्या गोठ्यात काय फरक पडतो? लंपीत माझ्या कालवडीच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी, पुढचा पाय सुजून खांबासारखा, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत पाणी उतरलेलं. दवाखान्याला कुलूप, कारण डॉक्टरसाहेबांकडे तीन दवाखान्यांचा चार्ज. शेवटी खासगीत काम करणारा डिप्लोमावाला पोरगा रात्री दहाला आला, मोबाईलच्या उजेडात सलाईन लावली. कालवड वाचली. आणि ब्रिटनचं कौतुक सांगताय, तिथं 2001 मध्ये लाळ्या-खुरकुत या तोंडा-खुरांच्या रोगापायी 60 लाखांवर जनावरं मारली. तेव्हा मुख्य पशुवैद्य नव्हता का?

जुना एलडीओ
पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालोय, तेव्हा बाजू घेणारच. सिन्नरी गडी, रिकाम्या पदांबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण लंपीत आम्ही गाईला कुठली लस टोचली आठवतंय? शेळ्यांच्या देवी रोगाची. बाधित गावापासून पाच किलोमीटरच्या आत आधी. 'शेळीची लस गाईला कशी चालंल?' हे प्रत्येक गोठ्यात विचारायचे, एकानं तर दावं सोडून गाय पिटाळली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून चालते, हे त्याला समजावायला पशुवैद्यच लागतो. तसंच ते मंत्रालयात समजावणाराही लागतो. दुसरं म्हणजे, आमच्यातले निम्मे दवाखाने जिल्हा परिषदेचे, उरलेले राज्य शासनाचे. साहेब दोन, पत्रं दोन, गाय एकच. ('निम्मे' शब्दशः घेऊ नका.)

डांगीवाला, घोटी
बाजार बंद झाला की काय होतं ते आम्हाला विचारा. डांगी जातीचे बैल विकून इगतपुरीकडच्या माणसाचं वर्षाचं गणित बसतं. लग्न ठरलेलं, बैल दावणीला, गिऱ्हाईक नाही. डॉक्टरला विषाणू दिसतो, आमचं देणं दिसत नाही. कलेक्टरला दोन्ही बघावं लागतं, पोलीस आणि पैसाही त्याच्याच हाती. मला तरी आयएएसच बरा.

जुना एलडीओ
डांगीवाले, बाजार चालू ठेवला असता तर तुमचे बैल दावणीलाच झोपले असते. माश्या, डास, गोचीड, सगळ्यांतून पसरणारा रोग हा, त्यात लांबलांबची गुरं एका मैदानात. जनावरांच्या साथरोगांचा 2009 चा केंद्राचा कायदा बाजार बंद करायची ताकद देतो, ती वापरायला पुरावा डॉक्टरच देतो. मेलेल्या दुभत्या गाईला 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000 मिळाले, त्याच्या पंचनाम्यालाही आम्हीच गेलो. बाजार बुडाल्याची भरपाई मात्र कुणी दिली नाही, हे मान्य.

गोदाकाठ
डांगीवाल्यांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तरी वाटतं, पैसा-पोलीस कलेक्टरकडे राहू दे, पण बाजार कधी बंद आणि कधी सुरू याच्या कागदावर पशुवैद्याची सही असल्याशिवाय तो निघू नये. म्हणजे चुकला तर कुणाला विचारायचं तेही कळेल.

सिन्नरी गडी
सह्या करा हो. माझ्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे, 12 आकडी. त्यावरून ती कुणाची हे दिल्लीला कळतं. ज्या दिवशी बिल्ला मारला त्या दिवशी खुरकुताची लसही द्यायची होती. थर्मास उघडला, बाटली रिकामी. 'उद्या येतो' म्हणाले. कानाला भोक तेवढं पडलं.