वडिलोपार्जित घर भावंडांनी मिळून विकलं... तुमचे अनुभव सांगा

मुक्काम औसा: काल लातुरात जुन्या लाकडाच्या वखारीत चौकट बघायला गेलो होतो. ढिगात एक सागवानी तुळई होती, पाळण्याची कडी अजून तशीच. पाय तिथंच थांबले. आमच्या वाड्यात आम्हा चौघांचे पाळणे अशाच कडीला होते. २०१६ ला वाडा विकला. भाव ठरायला एक दिवस लागला, कागद जमवायला दोन वर्षं, कारण घर आजोबांच्याच नावावर, वारसनोंद कुणी केलेलीच नव्हती. आक्का म्हणाली, "सहीच्या आधी एक रात्र तिथं झोपू द्या." माळवदावर, म्हंजे मातीच्या सपाट छतावर, चौघंही झोपलो, डोळा कुणाचाच लागला नाही. सकाळी खाली उतरून तिनं कडीला हात लावला आन् निघाली. कडी काढून घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. अजून सलतं.

परभणीकर: आमचं चालूच हाय. तिघं भाऊ तयार, चुलते नाहीत. दर दिवाळीला बैठक, दर दिवाळीला भांडण. औंदाच्या पावसात मागचा सोपा बसला. माय होती तवर विषय निघत नव्हता.

माहेर जालना: मला राखीला बोलावलं आणि ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवलं. "वाचून दाखवा" म्हटलं तर सगळे गप्प. सही केली मी. पैशाचं दुःख नाही, आधी फोनवर विचारलं असतं तर हसत केली असती. चार वर्षं राखी पोस्टानं जाते.

हिंगोलीचा पोरगा: ताई, वाचून लई वाईट वाटलं.

वकिलीतला: बहिणींनो, न वाचता सही नको. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. त्या वर्षी ९ सप्टेंबरला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. आणि हक्कसोडपत्र नोंदवलेलंच हवं, साध्या कागदावरचं चालत नाही.

उमरगा साईड: आमच्याकडं उलटं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आजी मरेपर्यंत माळवदाखाली झोपली नाही, अंगणात पत्र्याखाली झोपायची. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचा भार, किल्लारीकडं असल्याच घरांत माणसं गेली. विकायचं ठरलं तेव्हा पहिली तीच हो म्हणाली. रडत होतो आम्ही नातवंडं.

बीडवाली: छतातल्या साण्यातून येणारा कवडसा आठवला. आमच्या घरी तो जात्यावर आला की आजी चहा ठेवायची. धान्य साठवायच्या बळदातल्या ज्वारीचा वास तर कपड्यांनाच असायचा. फ्लॅटमध्ये पोरांना सांगते, बळद म्हणजे काय तेच कळत नाही त्यांना.

हिंगोलीचा पोरगा: आमच्या बळदात लपलो होतो एकदा, मोठ्या भावानं वरून झाकण लावलं. संध्याकाळपर्यंत आत!! आता तोच अमेरिकेतून रोज विचारतो, घराला कुलूप नीट लावलंस ना.

परभणीकर: कुणाला जुने उर्दू कागद वाचून देणारं माणूस माहीत हाय का? आजोबांची खरेदी निजामाच्या काळातली, नुसता शिक्का तेवढा कळतो.

बीडवाली: एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत आमच्या गल्लीत, विचारते. औसा दादा, त्या वखारीला फोन लावा ना, नुसती कडी देतील का ते.

मुक्काम औसा: नंबर घेतला नव्हता ताई. सोमवारी लातूरला जायचंच हाय, पान्हा घेऊन जातो.