मुलंबाळं, आजीआजोबा आणि युरोपातली ट्रेन : तुमचे अनुभव लिहा

येत्या मे महिन्यात आम्ही सगळे युरोपला जायचं म्हणतोय, सगळे म्हणजे आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूसासरे. टूरच्या बसचं वेळापत्रक सासऱ्यांना झेपणार नाही त्यामुळे शहरातून शहरात ट्रेननेच जायचं ठरलंय. शिवाय घरची सगळी एकाच डब्यात समोरासमोर बसून गप्पा मारत, खात-पीत जाताहेत ही मजा विमानात कुठे. तिकिटांचे दर नेटवर सापडतात हो, मला हवंय ते गाडीत बसल्यावर (आणि बसायच्या आधी) काय काय होतं ते. ज्यांनी घरच्यांना घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

*

आईबाबांना घेऊन ॲमस्टरडॅम, कोलोन, म्युनिक असं केलं होतं. आई सत्तरीची, गुडघे दुखतात तिचे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सामान. तिथे हमाल नाहीत आणि मधल्या स्टेशनवर गाडी दोन-चार मिनिटंच थांबते, त्यामुळे माणशी एकच बॅग आणि ती ज्याची त्याला उचलता आली पाहिजे असा नियम आम्ही घरीच केला, निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बिल्डिंगच्या जिन्यावर बॅगा उचलून बघायला लावल्या, मग बाबांचे तीन शर्ट आणि आईची एक जड शाल आपोआप कमी झाली.

दुसरं, जर्मनीत प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी, डी असे भाग पाडलेले असतात, आपला डबा कुठल्या अक्षरापाशी येणार ते बोर्डवर दाखवतात. आधीच तिथे जाऊन उभं राहायचं म्हणजे धावाधाव नाही. बाबांनी नोकरीभर डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई केलेलं, त्यांना हा प्रकार इतका आवडला की पुढे प्रत्येक स्टेशनवर बोर्ड वाचायचं काम त्यांनीच घेतलं, आम्हाला हात लावू देईनात.

कोलोनला मुक्काम न करताही कॅथेड्रल बघता येतं, स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच उभं आहे. बॅगा ठेवायला स्टेशनात यंत्र आहे, पैसे भरून बॅग आत सरकवली की ते खाली गोदामात नेतं आणि पावती दाखवली की परत आणून देतं. मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत, तिथे आम्ही दोघंच गेलो, आईबाबा आत बाकावर बसून रंगीत काचा बघत होते आणि आई म्हणाली मला इथून उठवू नका.

*

लहान मुलं असतील तर स्वित्झर्लंडपासून सुरुवात करा असं मी सगळ्यांना सांगते. तिथल्या बऱ्याचशा डबलडेकर इंटरसिटी गाड्यांना एक फॅमिली डबा असतो, त्यात वरच्या मजल्यावर चक्क घसरगुंडी आणि खेळायची जागा. माझा लेक इंटरलाकेन यायच्या आत उतरायला तयार नव्हता आणि आल्यावरही नव्हता. स्विस ट्रॅव्हल पास काढलात तर सोबत फॅमिली कार्ड मागून घ्या, ते फुकट मिळतं आणि मग १६ वर्षांखालची मुलं आईबाबांबरोबर फुकट फिरतात. त्याच पासवर बोटी, शहरातल्या बस-ट्राम, बरीचशी म्युझियम आणि रिगीचा डोंगरही होतो. युंगफ्राउयोखला (बर्फातलं उंचावरचं स्टेशन) मात्र फक्त सवलत आहे, फुकट नाही, त्याचं बजेट वेगळं धरा.

*

मी स्टुटगार्टजवळ राहते, भारतातून माणसं येणार असली की हेच सांगते. जर्मनीत आयसीईचं (तिथली फास्ट गाडी) तिकीट म्हणजे सीट नव्हे!! सीटचं रिझर्व्हेशन वेगळं काढायचं, आणि घरचे पाच-सहा जण एकत्र बसायचे असतील तर काढाच, नाहीतर सासूबाई एका डब्यात आणि त्यांच्या गोळ्या दुसऱ्या डब्यात. ६ ते १४ वयाची मुलं आईवडिलांबरोबर फुकट पण बुकिंग करताना त्यांची वयं टाकायला विसरू नका. अजून एक, काही गाड्या दोन जोडून एक केलेल्या असतात आणि वाटेत सुट्या होऊन वेगवेगळ्या गावांना जातात, त्यामुळे गाडी नंबर बघून भागत नाही, डब्यावर लिहिलेलं शेवटचं गाव वाचूनच चढा. गाडी बदलायला सहा-सात मिनिटं दाखवत असेल तर ज्येष्ठांबरोबर ती गाडी घेऊ नका, पुढची घ्या. आणि एक तासाहून जास्त उशीर झाला तर साधारणपणे तिकिटाच्या २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते, युरोपियन युनियनचा नियमच आहे, फॉर्म भरायचा कंटाळा करू नका.

*

रात्रीच्या गाडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. व्हिएन्ना ते व्हेनिस नाइटजेटने गेलो, बहीण-मेहुणे आणि त्यांची मुलं धरून आम्ही मिळून सहा, म्हणून सहा बर्थचा अख्खा कूपे आमचाच. उशी, चादर, पांघरूण ठेवलेलं असतं, अंथरायचं आपलं आपण. दाराला आतून कडी. आमच्या कर्जत-नेरळच्या आठवणी निघाल्या, भाचीला शिडी चढून वर झोपायचं होतं, तिला थोपवता थोपवता अकरा वाजले, मग दिवा मालवून बहीण आणि मी लहानपणी कोकणात एसटीने जायचो त्या गोष्टी सांगत बसलो, इतकं निवांत बोलणं आमचं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. जागा अरुंद आहे, मधल्या बर्थवर ताठ बसता येत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना खालचाच द्या किंवा सरळ स्लीपरचा डबा (आपल्याकडचा नव्हे, पलंगांच्या छोट्या खोल्यांचा) घ्या. सकाळी अटेंडंट चहा-कॉफी आणि पाव, बटर, जॅम आणून देतो.

व्हेनिसच्या अलीकडचं मेस्त्रे स्टेशन गेलं की सगळ्यांना खिडकीशी आणा. तिथून गाडी सरळ पाण्यावरच्या पुलावर चढते, हा रेल्वेचा पूल १८४६ सालचा आहे, दोन्हीकडे नुसतं पाणी. सांता लुचियाला, म्हणजे व्हेनिसच्या स्टेशनला, उतरून बाहेर आलात की रस्ता नाहीच, पायऱ्या आणि समोर ग्रँड कॅनॉल. मेहुण्यांसारखा कमी बोलणारा माणूस अरे वा अरे वा करत उभा होता.

*

बर्निनाची लाइन सोडू नका. स्वित्झर्लंडमधलं खूर ते इटलीतलं तिरानो, त्यातला थुसिसपासून पुढचा भाग २००८ पासून जागतिक वारसा यादीत. बर्निना एक्सप्रेसला मोठ्या काचा आहेत पण रिझर्व्हेशनचे जादा पैसे लागतात, त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्याही जातात, आम्ही त्यानेच गेलो कारण तिथल्या कितीतरी डब्यांच्या खिडक्या उघडतात. २२५३ मीटरवर ओस्पिझियो बर्निना, जूनमध्येही बर्फाचे पट्टे, आणि तिथून उतरत उतरत ब्रुझियोला गाडी गोल पुलावरून स्वतःच्याच वाटेखालून जाते. वळणावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात, काकू डोकं बाहेर काढून सगळ्यांना हाका मारत होत्या.

*

खाण्याचं : पहिले दोन दिवस थेपले, नंतर सुपरमार्केट. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली मात्र चालू असतात. टॉयलेटसाठी सुटे युरो जवळ ठेवा.

*

@धागाकर्ती, पासचं सांगते. युरेलमध्ये (अनेक देशांत चालणारा रेल्वे पास) एका मोठ्या माणसाबरोबर ११ वर्षांपर्यंतची दोन मुलं फुकट, पण त्यांचे पास त्याच ऑर्डरमध्ये घ्यावे लागतात. फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीतल्या अशा फास्ट गाड्यांना पास असला तरी रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे, माणशी आणि प्रत्येक गाडीला, ते धरून हिशोब करा, चारच शहरं असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेकदा स्वस्त पडतात. पॅरिसमध्ये ॲमस्टरडॅमची गाडी गार दु नोर स्टेशनला येते आणि झुरिकची गार द लिऑन या दुसऱ्या स्टेशनहून सुटते, मध्ये निदान दीड-दोन तास ठेवा. मे म्हणजे व्हिसाचं आत्तापासूनच बघा, जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पोरांची वयं काय आहेत ते लिही, म्हणजे नीट सांगता येईल.