न्यायाधीश बदलून मागणारा खोटाच असतो व्हय?

बावड्याचा पक्षकार: काल इथं एका वकीलसाहेबांनी लिहिलं, ‘ज्याची बाजू लंगडी, तोच न्यायाधीश बदलून मागतो.’ वाचून डोकं फिरलं. जानेवारी २०१९, अयोध्येची सुनावणी. मुस्लिम पक्षकारांचे वकील राजीव धवन यांनी एवढंच सांगितलं, की न्या. लळित वकील असताना कल्याणसिंगांसाठी, म्हणजे बाबरी पडली तेव्हाच्या यूपीच्या मुख्यमंत्र्यांसाठी, उभे राहिले होते. आमची हरकत नाही, असंही म्हणाले. लळित तरी बाजूला झाले. यात लंगडी बाजू कुणाची? खासबागच्या कुस्तीत पंच एका तालमीचा निघाला तर दुसरा वस्ताद गप बसतोय व्हय? सुप्रीम कोर्टाचा रणजित ठाकूर निकाल, १९८७: न्यायाधीशानं स्वतःच्या मनात डोकावायचं नाही, समोरच्या पक्षकाराला काय वाटंल ते बघायचं.

काळा कोट: ती पोस्ट माझीच, आणि एक शब्दही मागं घेत नाही. २०२१ मध्ये ममता बॅनर्जींना नंदीग्रामच्या निवडणूक याचिकेत न्या. कौशिक चंदा नको होते, भाजपशी जुना संबंध म्हणून. ते बाजूला झाले, पण ५ लाखांचा भुर्दंड लावूनच. अर्जात ‘पक्षपाताची दाट शंका’ लिहायचं आणि खरं कारण ‘साहेब तारखा वाढवून देत नाहीत’. रोज बघतोय.

बावड्याचा पक्षकार: आमचा वाटणीचा दावा. साहेब आणि समोरचा वकील एका गावचे, जत्रेला एकत्र. दावा दुसऱ्या कोर्टात हलवा म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडं अर्ज दिला, फेटाळला. पुढं प्रत्येक तारखेला आमच्या वकिलाचा आवाज बसलेला.

काळा कोट: आणि निकाल? तेवढं गाळलं.

बावड्याचा पक्षकार: आमच्या बाजूनं लागला. म्हणून काय झालं? तोवर आईनं झोप घेतली नाही, ती कोण भरून देणार?

सोलापूरचा शेंगदाणा: तुमचं चालू द्या. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टच तुमच्या कोल्हापुरात, दारात. सगळे एकमेकांचे पाव्हणे. आम्ही सोलापूरकरांनी दाद कुठं मागायची?

रंकाळा वेस: आला का मुद्द्यावर! सर्किट बेंचसाठी, म्हणजे हायकोर्टाच्या इथल्या फिरत्या खंडपीठासाठी, आमच्या वकिलांनी चाळीस वर्षं रस्त्यावर काढली. फायदा सहा जिल्ह्यांचा. न्यायमूर्ती कोण बसणार ते मुंबईहून ठरतंय, आमच्या पेठेतनं नाही.

सोलापूरचा शेंगदाणा: फायदा रत्नागिरीला विचारा. आम्ही हुतात्मा एक्स्प्रेस धरली की दुपारच्या आत पुण्यात. बेंच तिथं हवं होतं.

रंकाळा वेस: पुण्याला सगळंच पाहिजे. नेऊन टाका पंचगंगापण!

भाऊसिंगजी रोडवाला: बेंच राहू दे, कोर्टाजवळ सीपीआर दवाखान्यासमोर गाडी कुठं लावायची ते सांगा. पेशंटची रिक्षा अडकती आणि काळे डगले चहा पित उभे.

काळा कोट: डगल्यावर जाऊ नका. आम्हालाही जागा नाही.

भाऊसिंगजी रोडवाला: मग तुम्हीच बाजूला व्हा की! 😄

तालुका कोर्टातली ताई: धागा कशाचा होता? न्यायाधीशानं हटायचं का नाही, हे तोच न्यायाधीश ठरवतो, यावर कुणीच बोललं नाही. भूसंपादनाच्या घटनापीठावरून न्या. अरुण मिश्रांनी हटावं, कारण त्याच मुद्द्यावरचा आधीचा निकाल त्यांचाच, हा अर्ज २०१९ मध्ये त्यांच्याच पुढं चालला. नाही म्हणाले, बसले. हटतात तेही कित्येकदा नुसतं ‘नॉट बिफोर मी’, माझ्यापुढं नको, म्हणून. कारण लिहा, असं सुप्रीम कोर्टाचे न्या. कुरियन जोसेफ २०१५ लाच म्हणालेत.

काळा कोट: कारण लिहावं, इतपत मान्य. लेखी कारण असलं तर तुमचे निम्मे अर्ज पहिल्याच दिवशी उघडे पडतील.

बावड्याचा पक्षकार: आणि उरलेले निम्मे? ते खरे, असं आत्ता तुम्हीच म्हणालात.

काळा कोट: शब्दात पकडू नका. माझी केस आज बोर्डावर आहे, संध्याकाळी बोलतो.

सोलापूरचा शेंगदाणा: पुण्यात असतं तर लवकर सुटला असता.