प्रतिसाद: ब्लेकचा शाळकरी मुलगा

‘द स्कूल बॉय’ ही कविता म्हणजे इंग्रज कवी विल्यम ब्लेकने स्वतःच्या शालेय जाचाची मांडलेली कैफियत आहे, असे मत मांडले गेले आहे; ते मला पटत नाही, कारण ब्लेक रूढ अर्थाने शाळेत फारसा गेलाच नव्हता. त्याचे शिक्षण मुख्यतः घरी आईजवळ झाले आणि दहाव्या वर्षी त्याला चित्रकलेच्या शाळेत घालण्यात आले. कवितेतला मुलगा उन्हाळ्यातल्या सकाळी चंडोलासोबत गातो, मात्र करड्या नजरेखाली बसल्यावर त्याला पुस्तकही गोड लागत नाही. त्याचा रोख धाकावर आहे, वाचनावर नव्हे. (दादही तो आईवडिलांकडेच मागतो, हे मला अधिक बोचते.)

शिवाय १७८९ मध्ये ‘निरागसतेची गीते’ (Songs of Innocence) या संग्रहात छापलेली ही कविता ब्लेकने पुढे स्वतःच ‘अनुभवाची गीते’ (Songs of Experience) या संग्रहात हलवली.