एसी लावल्यावर खिडकी बंद ठेवायची की बोटभर उघडी?

खिडकीकर (धागाकर्ता)
यंदा आमच्या सोसायटीत मार्चमध्येच घरोघरी स्प्लिट एसी चढले. बसवणारा भिंतीला भोक पाडतो आणि निघताना बजावतो, "खिडकीच्या फटी बुजवून घ्या, नाहीतर कूलिंग मिळणार नाही." लोक इमानेइतबारे बुजवतात. मग आत ताजी हवा येणार कुठून, हे कोणी विचारत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की बाहेर टांगलेलं धूड बाहेरची हवा ओढून, गार करून आत सोडतं. तसं काही नसतं. त्या भोकातून तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाण्याचा पाइप एवढंच जातं. हवा आतलीच, तीच पुन्हा पुन्हा फिरते. जुन्या खिडकी-एसीला निदान व्हेंटचा खटका तरी असायचा.

हिशेब करून बघा. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. झोपलेला माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघं असतील तर २४ लिटर. हवा अजिबात बदलली नाही असं धरलं तर तासाला ७०० पीपीएमची (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ७०० भाग) भर, आणि बाहेरच्या हवेत मुळातच ४२० च्या वर असतो. दाराखालच्या फटीमुळे प्रत्यक्षात एवढा चढत नाही, तरी माझ्या मीटरवर पहाटे २४०० दिसतात.

माझं मत: एसी चालू असतानाही खिडकी बोटभर उघडी हवी. बिल वाढलं तर वाढू दे.

मालाडकर
साफ असहमत. बोटभर खिडकीचा सल्ला, ज्याच्या खिडकीखाली रिडेव्हलपमेंट चालू नाही, त्यानं द्यावा. आमच्या समोरची इमारत पाडली, आता पायलिंग चाललंय, आणि रस्त्याचं काँक्रिटीकरण वेगळंच. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. आणि ही दिसणारी धूळ झाली. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण, डोळ्यांना दिसत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपली सरकारी मर्यादा अजून ४० आहे, आणि हिवाळ्यात मुंबई तीही सर्रास ओलांडते.

राहिले तुमचे २४००. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ५००० पीपीएम धरतात. पाणबुडीत त्याच्या जवळपास राहूनही लोक कामं करतात. तुम्ही साधं उच्छ्वासाचं भय घेऊन सिमेंट आत बोलावताय.

खिडकीकर
कार्बन डायऑक्साइड विष आहे असं मी म्हटलंच नाही. तो मोजायला सोपा, म्हणून मोजायचा. तो चढला याचा अर्थ घरात जे जे सुटतं ते सगळं साठतंय: नव्या प्लायवुडच्या कपाटातलं फॉर्माल्डिहाइड, संध्याकाळची उदबत्ती, शिंका. २०२० च्या जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझू इथल्या एका रेस्टॉरंटात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोविड झाल्याचं निघालं. एसीचा झोत तीच हवा त्या टेबलांवरून फिरवत होता आणि बाहेरची हवा जवळजवळ येतच नव्हती. घरात एकाला फ्लू झाला की बंद बेडरूममध्ये दुसरं काय होतं?

गॅसभरणीवाला
पंधराएक वर्षं एसीचं काम करतोय म्हणून सांगतो, दोघंही मशीन उघडून बघत नाही. पुढचं झाकण उचललं की नायलॉनची जाळी दिसते, ती लोक धुतात आणि झाली म्हणतात सर्व्हिस. ती जाळी कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, कचरा बसू नये म्हणून असते. पीएम २.५ तिच्यातून आरामात पार होतो, तेव्हा खिडकी बंद असली की एसीच हवा गाळतो असं मालाडकरांना वाटत असेल, तर ते त्यांनी डोक्यातून काढावं. खरा माल असतो मागे. कॉइलवर पाणी सुटतं, ब्लोअर त्याच ओलीत फिरतो, त्याच्या पात्यांवर काळा चिकट थर धरतो. ओपन किचन असेल तर त्यात फोडणीचं तेल. एसी लावल्यावर पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो ना, तो याचाच.

उन्हाळ्याआधी ब्लोअरसकट जेटनं धुऊन घ्या. रोज बंद करायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवा, कॉइल वाळते.

मालाडकर
जाळीचं मान्य. म्हणूनच मी एअर प्युरिफायर वेगळा घेतला, बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरवाला. आणि तो उघड्या खिडकीत चालवणं म्हणजे भोक असलेल्या बादलीत पाणी भरणं.

शंकासुर
एसीच्या पाण्यातून लीजिओनेला (न्यूमोनिया करणारा जिवाणू) पसरतो म्हणतात, ते कसं काय? १९७६ मध्ये फिलाडेल्फियात हॉटेलात उतरलेले माजी सैनिक दगावले होते ना?

गॅसभरणीवाला
ते मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरचं प्रकरण. तिथं कोमट पाणी साठतं, त्याचे तुषार उडतात. घरच्या स्प्लिटमध्ये टॉवर नसतो. तुमची ती भीती निघाली, बुरशीची ठेवा.

संत्रानगरी
तुम्ही पुण्या-मुंबईचे लोक आधी खोली डबाबंद करता अन् मग हवा शोधत बसता. आमच्या नागपुरात कूलर लावा नं बाप्पा! मे महिन्यात पारा ४५ वर, हवा कोरडी ठाक. कूलर पूर्ण वेळ बाहेरचीच हवा ओढून वाळ्याच्या ताट्यांतून गार करून देते, अन् समोरची खिडकी उघडी ठेवल्याशिवाय तो चालतच नाही. ताज्या हवेचा प्रश्नच मिटला. वीजही एसीच्या मानानं काहीच लागत नाही.

मालाडकर
आणि टाकीतल्या डासांचं काय? डेंग्यूच्या एडिस डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तुमच्याकडे मनपाचे लोक कूलरच्या टाक्यांत अळ्या शोधत फिरतात, ते हौस म्हणून नाही. शिवाय मुंबईत कूलर लावला तर भिंतीला शेवाळ येईल.

संत्रानगरी
आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करायची, एवढंच काम. पण मुंबईचं खरं आहे, तिथं कूलर नाही चालत. आमच्याकडेही पावसाळा लागला की कूलर गच्चीवर जातो.

बर्फवाट
जर्मनीतून लिहितोय. इथं हिवाळ्यात रेडिएटर तापलेले असतात आणि घरं इतकी बंदिस्त की आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ आतच राहून कोपऱ्यांत बुरशी धरते. त्यावरून घरमालक-भाडेकरूंचं पार कोर्टापर्यंत जातं. इथली पद्धत म्हणजे दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि पुन्हा गच्च लावायच्या. हवा बदलते, पण भिंतींतली ऊब जात नाही. बोटभर फट दिवसभर ठेवणं सगळ्यांत वाईट. एसीलाही हेच करा की.

खिडकीकर
पटण्यासारखं आहे, पण एक अडचण. तुमची बाहेरची हवा थंड, तिच्यात बाष्प नाहीच, आत येऊन तापली की घर कोरडं करते. आमची जूनमधली हवा म्हणजे ओली गोधडी. पाच मिनिटांत आत आलेलं बाष्प परत बाहेर काढायला एसीला घाम फुटतो. झोपण्याआधी एकदा उघडणं मात्र पुण्यात जमेल. रात्रीचं काय, ते राहतंच.

कल्याणची_मावशी
तुम्ही सगळे थंडाव्यावरच अडलात. आपल्याकडे घरातली हवा खरोखर जीव घेते ती गॅस गीझरनं. बंद बाथरूममध्ये, खिडकीला थंडीसाठी पुठ्ठा लावून लोक आंघोळ करतात. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो. वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. चक्कर येतेय हे कळेपर्यंत कडी काढायची ताकद राहत नाही. दरवर्षी थंडीत पेपरात बातम्या येतात, तरी गीझर आतच. बाबांनो, तो बाहेर बाल्कनीत बसवा आणि नळी आत घ्या. तेवढं आधी करा, मग पीपीएम मोजा.

मालाडकर
मावशी, गीझरबाबत शंभर टक्के सहमत. खिडकी मात्र समोरची इमारत पुरी होईपर्यंत उघडणार नाही.

खिडकीकर
ती पुरी झाली की तुमचीच पाडायला घेतील, राव.