न्यायमूर्तींच्या नेमणुकीवरून आमचा टेकडीवरचा चहा बंद पडला

टेकडीवरची

नमस्कार मंडळी. प्रश्न कायद्याचा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ लावते.

आम्ही सात जण रोज सकाळी लॉ कॉलेजच्या टेकडीवर जातो. उतरलं की टपरीवर कटिंग. गेले तीन आठवडे हा चहा बंद आहे, कारण पोस्टातले काका आणि कारखान्यातले काका एकमेकांचं तोंड बघत नाहीत. (नावं लिहीत नाही, दोघंही इथे वाचतात.) विषय काय, तर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश! २०२५ च्या जुलैअखेर मुंबई उच्च न्यायालयासाठी ज्या वकिलांची शिफारस झाली, त्यात पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या असलेल्या एक बाई होत्या. विरोधकांनी ओरड केली, पक्षाने सांगितलं की त्यांनी २०२४ च्या जानेवारीतच राजीनामा दिलाय, आणि नेमणूक झाली. शिळा विषय, पण त्या दिवशी कुणीतरी उकरून काढला. पोस्टातले म्हणाले, "काल पक्षाची बाजू मांडत होत्या, आज सरकारविरुद्धच्या खटल्याचा निकाल देणार?" कारखान्यातले म्हणाले, "तुमच्या काळात काय सगळे सोवळ्यातले बसवले होते का?" झालं. 'तुमच्या काळात' एवढ्यावरून पुढचं सगळं. पोस्टातल्यांनी काठी आपटली, तिचं रबरी बूच निघून गटारात गेलं. अजून नवीन बसवलेलं नाही. आता ती काठी दगडावर टक् टक् वाजते आणि आम्हाला वळणाआधीच कळतं, आले.

मला यावरून २०१८ आठवलं. सुनेच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले होते. तिकडे सर्वोच्च न्यायालयासाठी राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट, म्हणजे त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह, सुनावणी घेऊन मतदान करतं. २७ सप्टेंबरला असंच नाव आलेल्या कॅव्हानॉ यांची सुनावणी टीव्हीवर दिवसभर चालू, नातू माझ्या मांडीवर. एका प्राध्यापक बाईंनी त्यांच्यावर शाळकरी वयातल्या लैंगिक हल्ल्याचा आरोप केला होता. त्या हळू आवाजात बोलल्या. मग हे आले, आरोप साफ नाकारला, ओरडले, रडले. मग सिनेटर एकमेकांवर तुटून पडले. इतकी मोठी माणसं, इतके कडक इस्त्रीचे सूट आणि आवाज मंडईतले! बाळ दचकून उठायचं म्हणून मी शेवटी आवाज बंद करून नुसते चेहरे बघत बसले. पुढे निकाल आला ५० विरुद्ध ४८. सिनेटमध्ये शंभर जण असतात ना? उरलेले दोन कुठे गेले, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तर प्रश्न असा. आपल्याकडे हे काहीच दिसत नाही. एक दिवस पेपरात नावं येतात, मग शपथविधीचा फोटो. म्हणजे आपली पद्धत जास्त सभ्य आहे का? आणि तिकडे पहिल्यापासून असंच होतं?

अर्धा_काळा_कोट

ताई, शेवटचं आधी सांगतो. अजिबात नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश स्कॅलिया म्हणजे कट्टर उजवे, सिनेटचं मतदान १९८६ मध्ये ९८ विरुद्ध ०. गिन्सबर्ग उदारमतवादी, १९९३ मध्ये ९६ विरुद्ध ३. हे दोघं निकालपत्रांत एकमेकांची सालटी काढायचे आणि बाहेर जिवलग मित्र. १९९४ मध्ये भारतात आले तेव्हा एकाच हत्तीवर बसलेला त्यांचा फोटो आहे, बघा शोधून. आता बघा: बॅरेट २०२० मध्ये ५२-४८, जॅक्सन २०२२ मध्ये ५३-४७. नाव कुणाचंही असो, आकडा जवळपास पक्षाचाच.

भांडणाची सुरुवात बरेच जण १९८७ पासून धरतात. तेव्हा बोर्क यांचं नाव ५८ विरुद्ध ४२ ने पाडलं. पण मला विचाराल तर खरी गोम नियमात आहे. पूर्वी नुसतं लांबण लावून मतदान अडवता यायचं आणि ते मोडायला ६० मतं लागायची. म्हणजे समोरच्या बाकावरच्या चार-पाच जणांशी गोडीने बोलावंच लागायचं. २०१३ मध्ये डेमोक्रॅट्सनी खालच्या न्यायालयांसाठी ही अट काढली, २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठी काढली. आता ५१ पुरतात. गोड बोलायची गरज कुणाला?

आता तुमचं कोडं. माँटानाचे सिनेटर डेन्स यांच्या मुलीचं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला लग्न होतं. त्यांचं मत कॅव्हानॉंच्या बाजूने. त्यांच्याच पक्षाच्या मर्काव्स्की मात्र विरोधात. मर्काव्स्कींनी विरोधाचं मत नोंदवलं नाही, नुसतं 'हजर' म्हटलं, म्हणजे बाजूचं एक आणि विरोधातलं एक मत दोन्ही गळाली, फरक तोच राहिला आणि डेन्स यांना लेकीच्या मांडवातून उठून मतदानाला धावायला नको. एक गैरहजर, एक हजर. उरले ९८.

टेकडीवरची

अगं बाई! लग्न! हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मला वाटलं कुणीतरी आजारी असेल.

निवृत्त_वकील_शिवाजीनगर

ताई, तुम्ही सभ्य म्हणालात म्हणून लिहितो. आपल्याकडे आवाज नसतो, एवढंच.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालापासून आपल्याकडे न्यायमूर्तीच न्यायमूर्ती निवडतात. निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या या गटालाच कॉलेजियम म्हणतात. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात. मग राज्य सरकारचं मत, गुप्तचर खात्याचा अहवाल, दिल्लीत कायदा मंत्रालय, मग सरन्यायाधीश आणि त्यांच्यानंतरचे दोघे, मग पुन्हा मंत्रालय. सरकार नाव परत पाठवू शकतं. तेच नाव पुन्हा आलं तर नेमायलाच हवं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुन्हा शिफारस झाल्यावर ३-४ आठवड्यांत नेमणूक करा. आता आपल्याच उच्च न्यायालयाचं उदाहरण घ्या. सोमशेखर सुंदरेसन यांची शिफारस फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. नोव्हेंबरमध्ये सरकारने नाव परत पाठवलं, का तर न्यायप्रविष्ट विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मतं मांडली. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने पुन्हा तेच नाव पाठवलं आणि लेखी म्हटलं की मत व्यक्त केल्याने माणूस अपात्र ठरत नाही. नेमणूक झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. कुठले ३-४ आठवडे!

हे निदान जाहीर झालं. २०१७ च्या ऑक्टोबरपर्यंत तर कॉलेजियमचे ठराव संकेतस्थळावरही येत नसत.

आता एक घरचं. माझा एक मित्र, मूळचा सदाशिव पेठेतला, प्रॅक्टिस मुंबईत. न्यायमूर्तीपदासाठी त्याची संमती घेतली गेली. त्या दिवसापासून तो नवं वकीलपत्र घ्यायला कचरू लागला. अशील विचारायचे, "साहेब, तुम्ही आता जज होणार, आमची मॅटर कोण बघणार?" दोन ज्युनिअर दुसऱ्या चेंबरमध्ये गेले. असं सव्वा वर्ष. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी हो म्हटलं नाही. कारण विचारायचं तर कुणाला? शेवटी त्याने संमती मागे घेतली. ते पत्र माझ्यासमोर टाईप झालं, तीन ओळींचं. शेवटी 'मनःपूर्वक आभार' असं होतं. त्याने वाचलं आणि टायपिस्टला 'मनःपूर्वक' काढायला सांगितलं.

म्हणून मला कॅव्हानॉंच्या आरडाओरड्यापेक्षा गारलंड यांची गोष्ट जास्त लागते. ओबामांनी १६ मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव दिलं. सिनेटमधल्या बहुमतवाल्यांनी सुनावणी घेतली नाही, मतदान घेतलं नाही, शिवी दिली नाही. २९३ दिवसांनी नाव आपोआप बाद. अमेरिकेला हे भयंकर नवं वाटलं. मला वाचताना वाटलं, अरे, ही तर आपली पद्धत! बॅरेट यांचं मात्र नाव जाहीर झाल्यापासून महिन्याभरात सगळं उरकलं. म्हणजे वेळेचा प्रश्न कधीच नव्हता.

आणि पूर्वी सरकार नेमायचं तेव्हा सोनं पिकत होतं असंही नाही. केशवानंद भारतीचा निकाल, म्हणजे संसदेला राज्यघटनेचा मूळ गाभा बदलता येणार नाही असं सांगणारा, २४ एप्रिल १९७३ चा. दुसऱ्याच दिवशी, त्यात सरकारविरुद्ध मत देणाऱ्या शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून राय यांचं नाव सरन्यायाधीशपदासाठी जाहीर झालं. तिघांनी राजीनामे दिले. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. आमचे एक सर वर्गात आले, फळ्यावर तीन नावं लिहिली आणि तास न घेता गेले.

मुंबईला_रोज_जाणारा

ते सगळं ठीक आहे, पण कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) झालं आणि पुणेकर अजून पहाटेची गाडी पकडून मुंबईला तारखेला जातात, यावर कुणी बोलेल का? न्यायमूर्ती कुठल्या पक्षाचे ते नंतर बघू. आधी ते जवळ तर बसू देत.

अर्धा_काळा_कोट

दादा, त्यासाठी वेगळा धागा आहे, त्यात तुमचेच चाळीस प्रतिसाद आहेत.

वकीलकाका, ते पत्राचं वाचून गप्प बसलो. पण मग उपाय काय? उघड सुनावणी आपल्याकडे आणायची का?

निवृत्त_वकील_शिवाजीनगर

आणा, पण चॅनेलवाल्यांना बाहेर ठेवून. जमणार आहे का? २०१४ च्या घटनादुरुस्तीने कॉलेजियमऐवजी न्यायमूर्ती निवडायला आयोग आणला, त्यात न्यायमूर्तींबरोबर कायदामंत्री आणि दोन मान्यवर असणार होते. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ४ विरुद्ध १ ने रद्द केला. निकाल बरोबर की चूक हा वाद बाररूममध्ये अजून चालतो. पण उघड सुनावणी त्या आयोगातही नव्हती. मला फक्त एवढं हवंय की नाही म्हणायचं असेल तर कारणासह आणि तारखेच्या आत म्हणा. आमच्या कोर्टात साधा अर्ज फेटाळतानाही दोन ओळी लिहाव्या लागतात.

चिपळूणची_पुण्यात

पोस्टातल्या काकांसाठी एक: कृष्ण अय्यर १९५७ मध्ये केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. पुढे केरळ उच्च न्यायालय, मग सर्वोच्च. त्यांना 'पक्षाचा माणूस' म्हणून कोण आठवतं?

आणि कारखान्यातल्या काकांसाठी दुसरं: बहारुल इस्लाम. काँग्रेसचे राज्यसभा खासदार, मग गुवाहाटी उच्च न्यायालय, मग सर्वोच्च, १९८३ मध्ये राजीनामा आणि परत काँग्रेसकडून राज्यसभा. दोन्ही उदाहरणं एकदम सांगा, एकच सांगितलंत तर पुन्हा काठी आपटेल.

बाकी अमेरिकेत गोडी दाखवणंही महागात पडतं हं. बॅरेट यांची सुनावणी संपल्यावर डेमोक्रॅट सिनेटर फाइनस्टाइन यांनी सुनावणी घेणाऱ्या सिनेट समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष ग्रॅहम यांचे आभार मानले, मिठी मारली. त्यांच्याच बाजूचे लोक इतके चिडले की पुढच्याच महिन्यात बाईंनी समितीतलं आपल्या पक्षाचं प्रमुखपद सोडत असल्याचं जाहीर केलं. वय होतं सत्त्याऐंशी.

टेकडीवरची

सगळ्यांचे आभार. वकीलकाका, तुमच्या मित्राचं टेकडीवर सांगितलं नाही. ते तिथे सांगण्यासारखं नाही.

आजचा वृत्तांत. मी मुद्दाम दोघांच्या मध्ये चालले. आधी कृष्ण अय्यर सांगितले, मग बहारुल इस्लाम, अगदी सांगितलंत तसं लागोपाठ. दोघंही "हं" म्हणाले, एकाच सुरात, पण आपापल्या बाजूला बघत. मग मी लग्नाची गोष्ट सांगितली. मला वाटलं, दोघं विरघळतील. कारखान्यातल्यांच्या धाकटीचं लग्न डिसेंबरमध्ये आहे आणि पत्रिका पोस्टातल्यांकडे अजून गेलेली नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

पोस्टातले थांबले. काठी दगडावर टेकवली. म्हणाले, "म्हणजे विरोध होता आणि मत दिलंच नाही? मग लोकांनी निवडून कशाला दिलं त्यांना?"

कारखान्यातले पुढून वळून म्हणाले, "तेच म्हणतो मी! लग्न काय, मुहूर्त पुढे-मागे करता येतो."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा दोघं बोलले, ते त्या बिचाऱ्या मर्काव्स्कींना नावं ठेवायला. खाली उतरल्यावर चहावाल्याने न विचारता सात कप भरले. पैसे कोण देणार यावरून पुन्हा आवाज चढले, तेव्हा मी निघाले.

काठीला बूच कुठे मिळेल? तुळशीबागेत विचारलं, नाही म्हणाले.