मदत हवी आहे: गर्दीच्या नदीत हिवाळी स्टीलहेड माशासाठी स्विंग कसं करायचं?

जर्सीचा पाटील
शनिवारी परत निघायचंय, म्हणून जरा लवकर सांगा. स्पे रॉड (दोन हातांनी फेकायचा लांब रॉड) घेऊन जातो, पण नदीवर माणसाला माणूस चिकटून उभा असतो. कास्ट मारली की फ्लाय (पिसांचा नकली किडा) प्रवाहात आडवा फिरत, म्हणजे स्विंग होत, खालच्या माणसाच्या इंडिकेटरमध्ये, म्हणजे दोरावरच्या तरंगत्या खुणेत, जाऊन अडकतो आणि वर बोलणी खावी लागतात. अंधारात जाऊन जागा धरली तरी उजाडेपर्यंत दोन्ही बाजू भरलेल्या. एवढ्या गर्दीत स्विंग करणारे नेमकं काय करतात? इंडिकेटर लावून माशाच्या अंड्यांचं आमिष सोडा, असं कृपया सांगू नका. मला ते करायचंच नाही.

कोकणी गळ
नदी कुठली? पाणी किती होतं? रॉड किती फुटी, दोराच्या टोकाची बुडणारी टिप कुठली? यातलं काहीच लिहिलं नाहीत, उत्तर कशावर देणार?

जर्सीचा पाटील
सॅमन रिव्हर, पुलास्की. न्यूयॉर्कात एवढी गर्दी दुसरीकडे कुठे असते?

सिएटलकर
आमच्याकडे सॅमन रिव्हर म्हटलं की लोकांना आयडाहो आठवतं, तेव्हा राज्यासकट लिहीत जा. वॉशिंग्टन राज्यातल्या होह नदीवर आम्ही रोटेशन पाळतो. रनच्या, म्हणजे वाहत्या पट्ट्याच्या, वरच्या टोकाला शिरायचं, एक कास्ट, एक स्विंग, मग दोन पावलं खाली. तळाला पोचलात की बाहेर येऊन परत रांगेच्या शेवटी. कुणी जागा अडवून बसत नाही. आणि खरं सांगायचं तर ऑन्टारियो तलावातून चढणाऱ्या माशाला मी स्टीलहेड म्हणत नाही. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट.

कोकणी गळ
पुलास्कीत रोटेशन सांगून बघा एकदा. तिथे इंडिकेटरवाले सकाळी एका डोहावर उभे राहतात ते जेवायलाच हलतात. त्यांचीही चूक नाही, त्यांची पद्धतच तशी आहे. पाटील, हट्ट सोडा. हिवाळ्यात अंडी आणि स्टोनफ्लायनंच (एका पाणकिड्याच्या नकलेनं) मासे लागतात.

जर्सीचा पाटील
नको म्हटलं होतं ना!

अल्बनीची मेधा
समुद्राचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. या माशांचं वाण वॉशिंग्टन राज्यातूनच आणलेलं आहे आणि नदीकाठच्या आल्टमार गावच्या हॅचरीत त्याचीच पिल्लं वाढवतात.

पाटील, विसर्ग किती होता ते अजून सांगितलं नाहीत. ही नदी वरच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर चालते. आपल्याकडे कोयनेच्या बातम्यांत येतात तेच क्युसेक इथे रोज बघून निघायचं. पाणी कमी असलं की मासे मोजक्या खोल डोहांत गोळा होतात आणि माणसंही तिथेच. पाणी वाढलं की मासे काठाकडे सरकतात, स्विंगला जागा मिळते.

जर्सीचा पाटील
७५० क्युसेक होता. रॉड १३ फुटी, ७ वेट (ताकदीचा क्रमांक), दोर स्कॅजिट हेड (आखूड आणि जड), टिप १० फूट टी-१४ (जड, बुडणारी). पाणी ३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १ अंश सेल्सिअस.

पुणेकर आजोबा
खायचा नाही तर मासा पकडायचा कशाला, हे मला कधी कळलं नाही. त्यापेक्षा लोणावळ्याला टाटांचं महसीर प्रजनन केंद्र आहे, तिथलं काम बघा.

रोचेस्टरवाला
आल्टमारच्या वरच्या फ्लाय झोनमध्ये (फक्त फ्लायनं मासेमारी चालते त्या पट्ट्यात) जा, तिथे अंडीवाले नसतात.

अल्बनीची मेधा
वरचा झोन ३० नोव्हेंबरला बंद होतो तो १ एप्रिललाच उघडतो. आत्ता फक्त खालचा, आल्टमारच्या पुलाच्या वरचा. तिथेही फ्लायला अंड्याचा आकार देऊन इंडिकेटरखाली सोडणारे असतातच.

आता मूळ प्रश्न. तुम्ही बहुतेक समोरच्या काठाकडे आडवी कास्ट मारताय. ३४ अंशाला मासा पाठलाग करत नाही, फ्लाय त्याच्या तोंडापुढून सावकाश गेला पाहिजे. म्हणून कास्ट बरीच खालच्या कोनात मारा. दोर ताणला की फ्लाय हळू येतो आणि त्याचा घेर निम्म्याहून अरुंद होतो. शेजाऱ्याचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. आधी काठाजवळचं, गुडघाभर पाण्यालगतचं पाणी झाडून काढा, लोक नेमके तेच तुडवत आत जातात. स्विंग संपल्यावर फ्लाय लगेच उचलू नका. तसाच लटकू द्या, मग बोटभर बोटभर ओढा. थंडीत बरेचदा तेव्हाच दाबून धरल्यासारखं होतं. झटका देऊ नका, दोर जाऊ द्या.

डोह सोडा. डोहाच्या शेपटाकडचं, चालण्याच्या वेगाचं, कमरेइतकं पाणी बघा. इंडिकेटरवाल्यांना ते फारसं आवडत नाही. आणि खालच्या माणसाला आधी विचारा, "मी सरकत खाली येतोय, चालेल ना?" नाही म्हणाला तर त्याच्या वर थांबा.

सिएटलकर
कोनाचं शंभर टक्के बरोबर. १३ फुटी मात्र त्या नदीला जास्त होते, ११ फुटी स्विच रॉड (स्पेपेक्षा आखूड) न्या.

रोचेस्टरवाला
बुटांना क्लीट्स (तळाचे खिळे) लावल्यात का? दगड भयंकर निसरडे आहेत. आणि तिथल्या टग हिल पठाराची बर्फवृष्टी सुरू झाली की आय-८१ महामार्गावर पुढचं काही दिसत नाही. स्नो टायर नसतील तर निघूच नका.

कोकणी गळ
नदीच्या डग्लस्टन नावाच्या खासगी पट्ट्याचं कुणी बोललंच नाही. पास घ्यावा लागतो, पण रोजची माणसं मर्यादित असतात.

अल्बनीची मेधा
तिथेही शनिवारी लवकर भरतं. सुट्टी काढता आली तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, सकाळी अकरानंतर. गारठलेले लोक तोवर परततात आणि पाणीही किंचित उबदार होतं.

जर्सीचा पाटील
शनिवार रद्द केला, बुधवारची रजा टाकली. टी-१४ तीच ठेवू का? आणि ११ फुटी ७ वेट स्विच कुणाकडे दोन दिवस मिळेल का? अल्बनी वाटेवर नाही, तरी वाकडी वाट करून येईन.

अल्बनीची मेधा
विसर्ग ५०० च्या खाली आला तर जरा हलकी टी-११ लावा, नाहीतर तीच ठेवा. रॉड माझ्याकडे आहे, हेडसकट. मंगळवारी संध्याकाळी सहानंतर घरी आहे, पत्ता निरोपात पाठवते.